सव्वादोन फेरे

आमच्या वर्कशॉपमध्ये खिळ्याला काही टांगलेलं काकांना चालत नसे. काही म्हणजे काहीही. पंपाच्या रबरी रिंगा तर नाहीतच, पण शर्ट, छत्री, डब्याची पिशवी, देवाच्या तसबिरीचा हारसुद्धा. पहिल्या दिवशी मी गेले ती दाराजवळच्या खिळ्याला पर्स अडकवून. जरा वेळानं बघते, तर पर्स टेबलावर आडवी निजवलेली आणि भिंतीत खिळ्याच्या जागी नुसतं भोक. समोर एक बुटकासा माणूस हातात पक्कड घेऊन उभा.

"खिल्याला टांगलेली वस्तू आपल्याच वजनानं लांबते, बाय," तो म्हणाला. "मग रबर असू दे नायतर मानूस."

मी म्हटलं, "काका, पर्स रबराची नाहीये."

"सवय पर्सपासूनच लागते," असं म्हणून त्यांनी माझ्या मनगटातल्या केसांच्या रबराकडे बोट दाखवलं. "तो बग. गेला कामातून."

खरंच गेला होता. संध्याकाळी घरी जाऊन मी नवा घेतला आणि डबीत सपाट ठेवला. स्वतःचाच राग आला, पण ठेवला.

नाव सांगत नाही, कारण वर्कशॉपमध्ये ते कोणी घेतलंच नाही. शेठ त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे, तेसुद्धा ‘काका’च म्हणायचे. पावणे गावामागच्या कारखान्यांच्या वसाहतीत आमचा गाळा होता. काम एकच, व्हॅक्यूम पंप दुरुस्त करायचे आणि सांभाळायचे. भांड्यातली हवा काढून घेणारं यंत्र म्हणजे व्हॅक्यूम पंप. औषधाची पावडर वाळवायची तर तो लागतो, प्लास्टिकची तबकं ओढून काढायची तर लागतो, एपीएमसी मार्केटातल्या काजूवाल्याचं पाकीट काजूंच्या अंगाला चिकटून बसतं तेही त्याच्याच जिवावर. मोठे कारखाने एक पंप चालू ठेवतात आणि एक राखीव घेऊन ठेवतात. तो ठेवायला कोरडी जागा कोणाकडे नसते, मग आमच्याकडे आणून टाकतात. आमचं स्टोअर म्हणजे असल्या झोपलेल्या पंपांची धर्मशाळाच. तीन बाजूंना रॅक, वीसेक पंप, आणि मधे काका.

‘झोपलेले’ म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. "झोपला काय? ड्युटीवर हाय तो. नुसतं बोलावलं नाय अजून."

गडी आगरी. बापजाद्यांची खाडीकाठी मिठागरं होती. ती सरकारनं घेतली, आता तिथनं सहापदरी रस्ता जातो. जमिनीच्या पैशात भावांनी बिल्डिंगा उठवल्या, भाडी घेऊन गाड्या उडवल्या. काकांनी मात्र आयटीआय केलं नि पंपाला चिकटले ते चिकटलेच. भाऊ म्हणायचे, याला वेड लागलंय. काका म्हणायचे, वेड हाय तर हाय, भाड्यानं तर नाय दिलं.

मिठागरातून एक गोष्ट मात्र त्यांनी बरोबर आणली होती. स्टोअरच्या खिडकीत एक बशी, बशीत चिमूटभर जाडं मीठ. भिंतीवर हवेतला ओलावा दाखवणारं डिजिटल यंत्र होतं, शेठनी हौसेनं आणलेलं. काका त्याच्याकडे बघायचेही नाहीत. रोज सकाळी आले की बशीत बोट. मीठ कोरडं असेल तर कामाला सुरुवात. मिठाला पाणी सुटलं असेल तर त्या दिवशी कुठलाही पंप उघडायचा नाही. वरून ब्रह्मदेव आला तरी नाही. शेठ डोकं धरून बसायचे, गिऱ्हाईक फोनवर ओरडायचं, काका शांतपणे स्पॅनर पुसत बसायचे.

"पंपाचं पोट उघडलं की पैली हवा आत जाते," ते म्हणायचे. "हवेच्या खांद्यावर पानी बसलेलं असतं. तुमी पंप बंद कराल, पानी आतच राहील. मग बसा बोंबलत."

आणखी एक. काम झाल्यावर हात सगळेच धुतात, काका कामाआधी धुवायचे. साबण लावून, नखं घासून, सर्जन ऑपरेशनला जातो तसे. बोटांच्या घामात मीठ असतं आणि चकचकीत लोखंडावर बोट उमटलं की आठ दिवसांनी तिथं बोटाच्याच आकाराचा गंज येतो, असं त्यांचं म्हणणं. मी हसले. त्यांनी एक जुना दांडा आणून दाखवला. त्यावर गंजात उमटलेला अंगठा, रेषान् रेष स्पष्ट. "हा आमच्या पैल्या शेठचा," म्हणाले. "सोता वारले, अंगठा ठेवून गेले." त्यानंतर मीही आधी हात धुवायला लागले.

उघडं तोंड तर त्यांना बघवायचंच नाही. पंपाच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर करते, म्हणून प्रत्येक तोंडाला झाकण. चहाच्या कपावर बशी. पाण्याच्या बाटलीला बूच. मीटिंगमध्ये शेठनी जांभई दिली तर काका हळूच म्हणायचे, "शेठ, झाकन." आणि सगळं जग ज्याला ‘पंप हवा ओढतो’ म्हणतं, त्यावर त्यांचा कायमचा आक्षेप. "पंप कोनाला ओढत नाय. तो फक्त जागा करतो. हवा आपल्या पायानं येते." डिप्लोमाला तीन वर्षं घालवून मला जे कळलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं. मी त्यांना तसं सांगितलंही. ते लाजले नि उगाच स्पॅनर शोधायला लागले.

पण काकांची खरी ओळख म्हणजे शनिवार.

पंपाच्या दांड्याच्या टोकाला एक लोखंडी चकती असते. पंप नुसता ठेवून दिला की आतला पंखा एकाच जागी टेकून राहतो. तेल खाली उतरतं, टेकलेल्या जागी गंज धरतो आणि सहा महिन्यांनी बटण दाबलं की पंप नुसता गुरगुरतो, फिरत नाही. म्हणून दर शनिवारी काका रॅकवरचा एकेक पंप ती चकती धरून हातानं फिरवायचे. सव्वादोन फेरे. दोन फेरे कशाला, तर तेल सगळीकडे लागावं म्हणून. आणि वरचा पाव कशाला, तर आधी जिथं टेकला होता तिथंच परत टेकू नये म्हणून. चकतीवर खडूची रेघ असायची. या शनिवारी रेघ वर, पुढच्या शनिवारी उजवीकडे, मग खाली, मग डावीकडे. प्रत्येक पंपाच्या पायाखाली सरकवलेलं एक कार्ड. टांगलेलं नव्हे. कार्डावर तारीख आणि सही.

आणि एवढं सगळं झाल्यावर त्यांचं ते ठरलेलं वाक्य. एखाद्या कारखान्यानं राखीव पंप मागवला की काका स्वतः फोन घ्यायचे नि सांगायचे, "पाठवतो. पैल्या बटनाला उठंल." तळोज्यापासून रबाळ्यापर्यंत मेंटेनन्सची माणसं हे वाक्य काकांच्या आवाजात म्हणून दाखवायची. थट्टेनं, पण कोणी कधी खोटं पाडलं नव्हतं. माझ्या येण्याआधी वीसेक वर्षं तरी नाही.

खोटं पाडलं ते मी.

मी लागून साडेचार महिने झाले होते. सहा महिन्यांचं प्रोबेशन. त्या नोकरीच्या जोरावर आईला सांगलीकडून जुईनगरला आणलं होतं, भाड्याच्या एका खोलीत. अशात काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही असं बजावलं. श्रावणाच्या तोंडाशी काका रजेवर गेले. जाताना शनिवारची फेरी स्वतः करून गेले आणि खडू माझ्या हातात दिला. मोठा समारंभच की! मला हसू येत होतं.

"चार शनिवार," ते म्हणाले. "सव्वादोन. दोन नाय, अडीच नाय."

"हो काका."

"सही हात लावल्यावर करायची. आधी नाय."

"हो हो काका."

पहिल्या शनिवारी मी बाह्या सरसावून गेले. पहिला पंप फिरवला, बोटं काळी झाली. दुसऱ्याला कंबर मोडली. तिसरा म्हणजे धूडच, पाण्यावर चालणारा, बिडाच्या ओतीव लोखंडाचा पंप, माझ्या एका हाताला हलेचना. बाहेर चार कोटेशनं पडली होती, शेठ हाका मारत होते. मी कार्डं घेऊन खुर्चीत बसले, जरा दम खावा म्हणून. आणि तिथं माझ्या सुपीक डोक्यात हिशेब आला. पाव अधिक पाव अधिक पाव अधिक पाव, चार शनिवारी पुरता एक फेरा. म्हणजे चौथ्या शनिवारनंतर खडूची रेघ आज आहे तिथंच परत येणार. म्हणजे मी काहीही केलं नाही तरी रेघ बरोबरच दिसणार!

आहाहा, काय आनंद झाला म्हणून सांगू! डिप्लोमा फुकट नाही गेला असं वाटलं. जे दोन पंप फिरवले होते ते पाव फेरा उलटे आणून मूळ जागी ठेवले, हात धुतले (नंतर), आणि वीस कार्डांवर वीस सह्या ठोकल्या. पुढचे तीनही शनिवार नुसत्या सह्या. दहा मिनिटांत काम खलास. आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, पण तेव्हा मी मजेत होते. खोटं कशाला सांगू?

काका सोमवारी परत आले. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात इस्त्रीचा शर्ट. आल्या आल्या बशीत बोट, मग रॅकवर फेरी. वाकून एकेक रेघ बघितली, एकेक कार्ड बघितलं.

"लख्ख दिसतंय गो," म्हणाले. खूष होते. "सगल्या रेघा घरी आल्या. शाब्बास बाय."

मी म्हटलं, "हात नाही लावणार का?"

"आज डोल्यात औषध हाय, घाम नको. उद्या लावतो."

मला पूर्ण संध्याकाळ होती. थांबून सगळे पंप फिरवता आले असते. निदान ते तिसरं धूड तरी. मी ठरवलं, उद्या सकाळी लवकर येईन नि उरकून टाकीन. सकाळी आले, तर काका माझ्याआधी आलेले आणि फोन त्यांच्या हातात.

तळोज्याच्या औषध कारखान्याचा फोन होता. वाळवणीच्या कपाटाला लावलेला पंप पहाटे बसला होता. कपाटात ओल्या पावडरचे ट्रे भरलेले. व्हॅक्यूम नाही तर ती पावडर आतल्या उबेनं पिवळी पडणार, दुपार टळायच्या आत पंप नाही मिळाला तर सगळा माल फेकायचा. त्यांचा राखीव पंप आमच्याकडे होता. तोच, तिसरा, बिडाचा.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि फोनमध्ये म्हणाले, "पाठवतो. पैल्या बटनाला उठंल."

फोन ठेवून ते रॅककडे गेले, हात धुतले, पुसले, चकती धरली. ढकलली. पुन्हा ढकलली. मग दोन्ही हातांनी. दांडा जागचा हलला नाही.

त्यांनी कार्ड काढलं, चार सह्या बघितल्या. रेघ बघितली. परत चकतीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. काळा चष्मा होता म्हणून डोळे दिसले नाहीत, त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

"काका," मी म्हटलं.

"हात धू," ते म्हणाले. "आनि ये."

मी जाता जाता खिडकीकडे पाहिलं. मिठाला पाणी सुटलं होतं, बशीत थारोळं झालं होतं. म्हणजे आज पंप उघडायचा नाही. काकांनीही ते पाहिलं. त्यांनी बशी उचलली, ड्रॉवर उघडला, बशी आत ठेवली आणि ड्रॉवर बंद केला. त्यांचा नियम मोडलेला मी त्या एकाच दिवशी पाहिला, आणि तो माझ्यामुळे मोडला.

आम्ही पंप उघडला. बिडाच्या पोटात पाण्याचा थेंब कुठंतरी राहतोच, चार आठवड्यांच्या ओल्या हवेत त्यानं आपलं काम केलं होतं. पंख्याची पाती जिथं टेकली होती, बरोबर तिथं तांबड्या गंजाची रेघ. काकांनी माझं बोट धरलं नि त्या रेघेवरून फिरवलं, पाटीवर अक्षर गिरवायला लावतात तसं.

"वाच," म्हणाले.

बस्स, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. डिझेल, पॉलिश पेपर, फडकी, मी घासत होते आणि रडत होते, आणि ते मधूनमधून ‘डोलं पूस, पानी पडंल आत’ म्हणत होते. साडेतीन तासांत पंप परत बांधून टेंपोत चढला. ऑपरेशन केलेले डोळे घेऊन तो माणूस माझ्या शेजारी बसून तळोज्यापर्यंत आला.

कारखान्याच्या दारात प्रॉडक्शनचे साहेब लालबुंद होऊन उभे. "काका, पहिल्या बटणाला उठतो ना तुमचा पंप? मग चार तास काय पूजा घालत होता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग."

काय सांगायचं, कसं सांगायचं, काही नाही. नुसतं ‘सांग’. मी म्हणाले, "सर, चार आठवडे पंप फिरवला नव्हता. फिरवला म्हणून मी खोट्या सह्या केल्या. आत गंजून जाम झाला होता."

साहेब मला बोलतील म्हणून मी अंग चोरून उभी होते. ते बोलले काकांना, आणि तेही ओरडून नाही. "काका, तुमच्या स्टोअरमध्ये?"

काकांनी मान हलवली. "माज्याच."

ते बघवलं नाही. मला दहा कानफटात मारल्या असत्या तर चाललं असतं, पण त्या माणसाची मान खाली गेलेली बघायला नको होती.

पंप लागला. बटण दाबलं, उठला. वरचे दोन ट्रे पिवळे पडले होते तेवढे फेकले, बाकीचा माल वाचला. पण साहेबांनी आमच्या शेठना फोन करून सांगितलं की ही मुलगी बदला. शेठना सांगायची गरजच नव्हती. संध्याकाळी केबिनमध्ये आम्ही तिघं. शेठ म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी मान डोलावली. आईला काय सांगायचं हाच विचार चालला होता.

"शेठ," काका म्हणाले, "हिला घालवाल, मग कोन येईल?"

"कोणीतरी नवीन."

"नवीन येईल त्याची पैली चूक अजून बाकी असंल. हिची झाली. हिच्याएवढं पंप फिरवनारं मानूस आता सगल्या नवी मुंबईत नाय मिलनार तुमाला."

शेठनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "काका, जबाबदारी तुमची."

"हायच."

मी राहिले. पुढची सहा वर्षं एकही शनिवार चुकवला नाही. तापात गेले, भावाच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी जाऊन उरकून आले. शेठ म्हणायचे, एकाला दोन वेडे झाले. काकांनी मला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. गळती शोधायची कशी, तेलाचा वास घेऊन पंपाचं दुखणं ओळखायचं कसं. माझ्या आईला गुडघेदुखीवर कसलासा पाला आणून द्यायचे आणि ‘दिवसभर बसून राहू नको ताय, सव्वादोन फेरे मार’ म्हणायचे. त्या प्रकाराचा उल्लेख त्यांनी पुन्हा कधीही केला नाही.

पण एक होतं. दर शनिवारी माझी फेरी झाली, सह्या झाल्या, की काका उठायचे, रॅकवरून चालत जायचे आणि मनाला येईल त्या एका पंपावर हात ठेवून जरासा फिरवून बघायचे. कार्ड बघायचे नाहीत. हात लावायचे. मग ‘हं’ म्हणून परत जागेवर. सहा वर्षं, एकही शनिवार न चुकता. मला ते बोचायचं, अगदी सरळ सांगायचं तर राग यायचा. एकदा चुकले ना बाबा, किती दिवस तपासणार? पण विचारायची हिंमत नव्हती. आपणच कमावलं होतं ते.

रिटायर झाले तो दिवस शनिवारच होता. शेठनी हार घातला, तो काकांनी लगेच काढून टेबलावर सपाट ठेवला. बटाटेवडे झाले, भाषणं झाली, सगळ्यांचे डोळे ओले. मला वाटलं, आज तरी नाही. निघता निघता काका वळले, हात धुतले, रॅककडे गेले आणि अकरा नंबरवर हात ठेवला. "हं," म्हणाले, आणि गेले. त्या दिवशी मी मागच्या बाजूला जाऊन रडले. जाण्याचं दुःख होतंच, पण अर्धं रडू त्या ‘हं’चं होतं.

नंतर ते उलव्याला मुलाकडे राहायला गेले. चौदा मजली सोसायटी. सून फोनवर गमती सांगायची. सोसायटीचा आगीसाठीचा पंप तळघरात पडून होता, बांधल्यापासून कोणी हात लावला नव्हता. काकांनी वॉचमनला पटवून तो सोडवला आणि दर शनिवारी लिफ्टनं खाली जाऊन सव्वादोन फेरे सुरू केले. कमिटीनं नोटीस काढली की रहिवाशांनी तळघरात जाऊ नये. मग एकदा वरच्या मजल्यावर मीटरच्या डब्यानं पेट घेतला, आणि तो पंप पहिल्या बटणाला उठला. नोटीस आपोआप नाहीशी झाली.

दोन महिन्यांपूर्वी सुनेचाच फोन आला. अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. मी परवा रविवारी जाऊन आले.

खिडकीशी पलंग लावलाय. काका उताणे, केवढेसे झालेले. मला बघून डोळे हसले, डावा हात जरा उचलला. शेजारच्या स्टुलावर एक कार्ड सपाट ठेवलेलं. आमच्याच कार्डासारखं, रेघा मारलेलं. डावी कूस, पाठ, उजवी कूस. दर दोन तासांनी वेळ, आणि पुढे सही.

"डॉक्टर म्हनाले, दोन दोन तासानं कूस बदला, नायतर टेकलेल्या जागी जखमा होतील," सून सांगायला लागली. "हे ऐकलं आनि बाबांनी खुनेनं कार्डच मागितलं. आनि ताई, विश्वास कोनावर नाय हां! आमी फिरवलं, सही केली, की हा डावा हात पाठीमागं घालून चाचपून बगनार. माझ्यावर नाय, यांच्यावर नाय, नर्सबाई तर वैतागून गेली."

मला हसू आलं. काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. चार वाजले होते.

"बाय," ते म्हणाले. जड, पण कळलं. "हात धू."

मी धुतले. साबण लावून, नखं घासून. सुनेनं खांदा धरला, मी कंबर धरली, आणि आम्ही त्यांना डाव्या कुशीवर वळवलं. मी पाठीवरून हात फिरवला. टेकलेली प्रत्येक जागा बघितली, टाचा बघितल्या. कातडी कोरडी, साफ, कुठं लालीसुद्धा नाही. पाठीला उशी लावली. हा सगळा वेळ ते वाट बघत होते.

"घट्ट हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हटलं. "हलका फिरला."

मग कार्ड घेतलं, चार वाजताच्या रकान्यात सही केली आणि सपाट ठेवलं. सून त्यांच्या डाव्या हाताकडे बघत थांबली. तो हात अंगाखालून सुटा काढलेला, उशीवर होता. तिथंच राहिला.

"काय बाबा," तिनं विचारलं, "आज बगनार नाय का?"

काकांनी डोळे मिटले होते.

"सही केलीय ना तिनं," ते म्हणाले.